मिश्रविवाहांवरची बंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत १९६७ सालापर्यंत कित्येक राज्यांत गोऱ्या माणसाला काळ्या माणसाशी लग्न करता येत नव्हते, असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे समाज करू देत नव्हता, असंच ना?" समाज करू देत नव्हताच. पण त्याच्या जोडीला छापील कायदा होता, त्याला कलम क्रमांक होते आणि तो मोडला तर तुरुंग होता. या विषयावर मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

हे कायदे नेमके काय म्हणत होते?

राज्याराज्याचा मसुदा वेगळा, पण घाट एकच. एका बाजूला 'गोरी व्यक्ती' आणि दुसऱ्या बाजूला तिला वर्ज्य असलेल्या वंशांची यादी. या दोघांत झालेले लग्न रद्दबातल, म्हणजे कायद्याच्या लेखी ते झालेच नाही. बऱ्याच राज्यांत नवराबायकोला दंड किंवा तुरुंगवास होता आणि काही ठिकाणी लग्न लावणारा पाद्री किंवा लायसन्स देणारा क्लार्कही गोत्यात येई.

यादीतल्याच दोन वंशांच्या माणसांनी आपापसांत लग्न केले, समजा काळ्या पुरुषाने चिनी बाईशी, तर बहुतेक राज्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. प्रत्येक वंश शुद्ध राखण्यासाठी हा खटाटोप आहे असे समर्थक सांगत. कायदा वाचला की राखायचे होते ते फक्त गोरेपण, हे लगेच दिसते. १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले.

सुरुवात कधी आणि कशासाठी झाली?

तंबाखूच्या मळ्यांवर, सतराव्या शतकात. इंग्लंडच्या कायद्यात मूल बापाचे नाव आणि दर्जा घेई. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये हा नियम उलटा केला : मूल आईच्या दर्जाचे. आई गुलाम तर मूल गुलाम. मळेवाल्याला गुलाम बाईपासून झालेले मूल त्यामुळे वारस न ठरता त्याची मालमत्ता ठरू लागले. मालकांच्या दृष्टीने चोख व्यवस्था, पण तिला एक भोक होते. गोऱ्या बाईने काळ्या गुलामाशी लग्न केले तर मुले आईच्या दर्जाची, म्हणजे स्वतंत्र होणार. हे भोक बुजवणे हा लग्नबंदीच्या कायद्यांमागचा पहिला हिशेब होता. मेरीलँडने १६६४ मध्ये ठरवले की गुलामाशी लग्न करणाऱ्या स्वतंत्र गोऱ्या बाईने नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या मालकाची चाकरी करायची आणि त्यांची मुले गुलाम. व्हर्जिनियाने १६९१ मध्ये अशा जोडप्यातल्या गोऱ्या व्यक्तीला तीन महिन्यांत हद्दपार करण्याचा कायदा केला.

मेरीलँडच्या कायद्याचे काय झाले हे एलेनॉर बटलर या आयरिश मोलकरणीच्या हकिगतीतून कळते. 'आयरिश नेल' या नावाने ती ओळखली जाते. १६८१ मध्ये तिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. लग्नाच्या दिवशी मेरीलँड वसाहतीचा मालक लॉर्ड बाल्टिमोर याने खुद्द तिला बजावले की तुझी पोरेबाळे कायमची गुलाम होतील. त्यावर तिने उत्तर दिले की लॉर्डसाहेबांपेक्षा मी चार्ल्सच्याच बिछान्यात जाईन. हा संवाद पुढे अनेक दशकांनी दिलेल्या साक्षींतून आला आहे, तेव्हा त्यात थोडे तिखटमीठ असू शकते. एलेनॉरच्या लग्नाच्या सुमारासच कायदा बदलला. कारण असे की मालक लोक आपल्या गोऱ्या मोलकरणींची लग्ने मुद्दाम गुलामांशी लावून देत होते. एका बाईची चाकरी आणि तिची मुले, दोन्ही फुकट. कायदा बदलला तरी एलेनॉरची मुले गुलामच राहिली. तिच्या वंशजांनी १७७० मध्ये स्वातंत्र्यासाठी दावा लावला, तो ते अपिलात हरले. पुढच्या पिढीतल्या मेरी बटलरने पुन्हा दावा लावला आणि १७८७ मध्ये जिंकला. लग्नाला तोवर १०६ वर्षे झाली होती.

हे फक्त दक्षिणेतल्या राज्यांत होते का?

नाही. आजच्या ५० राज्यांपैकी ४१ राज्यांत कधी ना कधी असा कायदा होता. मॅसॅच्युसेट्ससारख्या 'पुढारलेल्या' राज्याने तो १८४३ मध्ये, बऱ्याच आंदोलनानंतर रद्द केला. ओहायोत तो १८८७ पर्यंत होता. पश्चिमेकडची राज्ये तर गुलामगिरीशी फारसा संबंध नसताना नवनवे वंश यादीत घालत होती. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, व्हरमाँट, मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांनी असा कायदा कधीच केला नाही.

भारतीय माणूस कुठल्या रकान्यात यायचा?

मराठी वाचकांचा हा आवडता प्रश्न. उत्तर : क्लार्कच्या मनात येईल त्या रकान्यात.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'निग्रो', 'मुलॅटो' (काळ्या-गोऱ्यांची मिश्र संतती) आणि 'मंगोलियन' (चिनी, जपानी वगैरे) असे शब्द होते, भारतीयांचा उल्लेख नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतमजूर म्हणून गेलेले, बहुतांश शीख पुरुष इम्पीरियल व्हॅलीत कापूस आणि भाजीपाला पिकवू लागले. मायदेशाहून बायका आणणे इमिग्रेशनच्या कायद्यांमुळे जवळपास अशक्य. कौंटीच्या कचेरीत लायसन्स मागायला गेल्यावर क्लार्क दोघांच्या कातडीचा रंग बघे. रंग साधारण जुळला तर दोघांपुढे 'ब्राउन' लिहून शिक्का मारी. त्यामुळे पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्रिया अशी तीनशेहून अधिक कुटुंबे कॅलिफोर्निया आणि आसपासच्या भागात उभी राहिली. एका कचेरीत नकार मिळाला तर माणसे दुसऱ्या कौंटीत किंवा सरळ दुसऱ्या राज्यात जात. घरात स्पॅनिश बोलली जाई, मुलांची नावे मेक्सिकन आणि आडनाव सिंग. शीख, मुसलमान, हिंदू सगळ्यांनाच तिथले लोक 'हिंदू' म्हणत.

सगळीकडे अशी पळवाट नव्हती. जॉर्जियाने १९२७ च्या कायद्यात गोरेपणाची व्याख्या करताना 'एशियाटिक इंडियन' रक्ताचा अंशही नको, असे स्पष्ट लिहिले. ॲरिझोनाने १९३१ मध्ये बंदीच्या यादीत 'हिंदू' हा शब्दच घातला.

त्यातच १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व नाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव थेट आपल्याकडचे वाटते, जन्म अहमदाबादचा. पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते आणि त्यांची पत्नी लिलियन गोरी अमेरिकन होती. थिंड निकालानंतर सरकारने पंडितांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. १९२२ च्या केबल कायद्यानुसार नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाची बायको असलेल्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. म्हणजे नवऱ्याचे गेले की लिलियनचेही जाणार आणि तिच्या नावावरची जमीनही धोक्यात. पंडितांनी नेमका हाच मुद्दा लढवला : सरकारने दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली उभी केली, संसार मांडला, आता ते काढून घेता येणार नाही. ते जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायला नकार दिल्यावर प्रकरण मिटले. ज्या माणसाने अशिलाचा खटला हरला, त्याने स्वतःचा जिंकला आणि त्यामुळे इतर भारतीयांवरचे तसे दावेही थंडावले.

याच धामधुमीत, १९२८ मध्ये, दलीपसिंग सौंद या पंजाबी तरुणाने कॅलिफोर्नियात मेरियन कोसा या गोऱ्या मुलीशी लग्न केले. १९५६ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. तिथे पोहोचलेले ते पहिले आशियाई. मतदारसंघात तीच इम्पीरियल व्हॅली होती.

लोकांना खरोखर शिक्षा व्हायची, की कायदा नुसता कागदावर?

तुरुंगात जाणारे होते. अलाबामात टोनी पेस हा काळा पुरुष आणि मेरी कॉक्स ही गोरी बाई यांना एकत्र राहिल्याबद्दल प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा झाली. तोच गुन्हा एकाच वंशाच्या जोडप्याने केला असता तर शिक्षा कितीतरी कमी होती. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. युक्तिवाद असा की काळ्याला आणि गोरीला सारखीच शिक्षा होते आहे, मग यात भेदभाव कुठला? हा युक्तिवाद पुढे ऐंशी वर्षे चालला.

पण माझ्या मते खरा मार बसे तो कुणीतरी मेल्यावर. लग्न 'झालेच नाही' म्हटल्यावर विधवा ही विधवा राहत नाही आणि मुले औरस राहत नाहीत. मग पुतणे, भाऊ, दूरचे नातेवाईक वकील घेऊन हजर. ओरेगनमधल्या टिलामूक कौंटीतली ऑफिलिया पॅके ही मूळ अमेरिकन बाई फ्रेड पॅके या गोऱ्या नवऱ्याबरोबर तीस वर्षांहून अधिक नांदली. तो गेल्यावर त्याचा भाऊ कोर्टात गेला. १९२१ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने लग्न बेकायदा ठरवून मिळकतीचा कारभार भावाकडे दिला. गावाने तीस वर्षे काही म्हटले नव्हते. हरकत निघाली ती मिळकतीची वाटणी आली तेव्हा.

कॅलिफोर्नियात ॲलन मंक्स या श्रीमंत गृहस्थाच्या मृत्युपत्रावरून असाच वाद झाला. त्याने ॲरिझोनात केलेल्या लग्नाची बायको एक-अष्टमांश काळी आहे, असे दुसऱ्या मृत्युपत्रातल्या लाभार्थी बाईचे म्हणणे. पुरावा म्हणून केशकर्तन करणाऱ्या बाईपासून मानववंशशास्त्रज्ञापर्यंत साक्षीदार आले आणि बायकोच्या केसांची, नखांची चर्चा भर कोर्टात झाली. बायको हरली. सोयरिकीच्या वेळी आपल्याकडे मुलीला चालून-बोलून बघत असत, तो प्रकार इथे न्यायमूर्तींसमोर आणि लग्नानंतर झाला म्हणायचा.

वंश ठरवायचा कसा? आणि ठरवायचे कोण?

व्हर्जिनियात बराच काळ एक-चतुर्थांश, मग १९१० मध्ये एक-सोळांश काळे रक्त असले की माणूस काळा धरत. १९२४ च्या 'रेशियल इंटिग्रिटी' कायद्याने अपूर्णांकच काढून टाकला : गोरी व्यक्ती म्हणजे जिच्यात गोऱ्याखेरीज इतर रक्ताचा मागमूस नाही अशी. लगेच अडचण उभी राहिली. व्हर्जिनियातली जुनी प्रतिष्ठित घराणी मोठ्या अभिमानाने स्वतःला पोकाहाँटसचे वंशज म्हणवत. ती मूळ अमेरिकन सरदारकन्या, तिने १६१४ मध्ये जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न केले होते. म्हणजे नव्या व्याख्येत राज्यातले थोरामोठ्यांचे घराणे बिगरगोरे! मग कायद्यात सवलत घातली : मूळ अमेरिकन रक्त एक-सोळांशापर्यंत चालेल. घराण्यांची अब्रू राहिली.

या कायद्याचा खरा मालक म्हणजे वॉल्टर प्लेकर. पेशाने डॉक्टर, पद राज्याच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख. १९१२ ते १९४६ अशी चौतीस वर्षे तो त्या खुर्चीत होता. ना आमदार, ना न्यायाधीश. हाताशी दाखले आणि टपाल. १९२४ मध्ये लिंचबर्ग शहरातल्या एका आईला त्याने पत्र पाठवले. सुईणीने बाळाच्या दाखल्यात आईबाप दोघे गोरे लिहिले होते, शहराच्या आरोग्य खात्याने बाप काळा असल्याचे कळवले. प्लेकरने आईला लिहिले की हे मूल 'मुलॅटो' आहे, ते गोरे म्हणून खपवता येणार नाही. त्याला गोऱ्या मुलांत मिसळू देऊ नका, गोऱ्यांच्या शाळेत त्याला प्रवेश नाही आणि व्हर्जिनियात ते कधीही गोऱ्या व्यक्तीशी लग्न करू शकणार नाही. बाळ तेव्हा एक वर्षाचेही नव्हते.

व्हर्जिनियातले मूळ अमेरिकन हे प्रत्यक्षात लपलेले काळेच आहेत, अशी प्लेकरची ठाम समजूत होती. त्याने संशयित आडनावांच्या याद्या कौंटी क्लार्कांना धाडल्या आणि 'इंडियन' लिहिलेल्या नोंदी 'निग्रो' म्हणून फिरवल्या. याचे परिणाम आपल्या काळापर्यंत आले. पुढे या जमातींनी केंद्र सरकारकडे मान्यता मागितली तेव्हा सलग नोंदी दाखवा, असे सांगण्यात आले. आणि नोंदी तर प्लेकरने बिघडवून ठेवलेल्या. सहा जमातींना अखेर २०१८ मध्ये संसदेने कायदा करून मान्यता दिली. त्यात रॅपाहॅनॉक जमात आहे.

कोर्टात पहिला तडा कधी गेला?

१९४८ मध्ये, कॅलिफोर्नियात. आंद्रिया पेरेझ ही मेक्सिकन वंशाची, म्हणून कायद्याने 'गोरी', आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा काळा. लॉस एंजलिसच्या क्लार्कने लायसन्स नाकारले. दोघे कॅथलिक, त्यामुळे वकिलाने धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा काढला : चर्चला हे लग्न मान्य आहे, मग सरकार आड कसे येते? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी बंदी उडवली. एका मताचा फरक.

केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने मात्र पुढे बरीच वर्षे हात झटकले. १९५० च्या दशकात हॅम से नाइम या चिनी खलाशाच्या लग्नाचे प्रकरण व्हर्जिनियातून वर आले, ते तांत्रिक कारणावर परत धाडले गेले. शाळांतले विलगीकरण रद्द करणारा निकाल १९५४ चा होता आणि दक्षिणेत त्यावरून रान पेटले होते. त्यात लग्नाचा विषय हाती घ्यायची न्यायमूर्तींची तयारी नव्हती. कारण समजते. पण त्याची किंमत लव्हिंग दांपत्यासारख्यांनी मोजली.

लव्हिंग खटला काय होता?

रिचर्ड लव्हिंग गवंडी. मिल्ड्रेड जेटर त्याच भागातली. व्हर्जिनियाच्या कॅरोलाइन कौंटीत सेंट्रल पॉइंट नावाचे खेडे आहे. तिथे गोरे, काळे, मूळ अमेरिकन पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते. जून १९५८ मध्ये दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले, कारण तिथे बंदी नव्हती. घरी येऊन मिल्ड्रेडच्या आईवडिलांकडे राहिले. जुलैमध्ये रात्री दोनच्या सुमारास शेरीफ आणि त्याची माणसे बेडरूममध्ये शिरली, तोंडावर टॉर्च मारला आणि रिचर्डला विचारले, "ही बाई कोण?" मिल्ड्रेड म्हणाली, "मी यांची बायको." भिंतीवर लग्नाचे सर्टिफिकेट लावले होते. शेरीफ म्हणाला, ते इथे चालत नाही.

रिचर्ड दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला, मिल्ड्रेडला मात्र आणखी काही दिवस कोठडीत ठेवले. ती गरोदर होती. जानेवारी १९५९ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा एक वर्ष तुरुंग. पण राज्य सोडून जा आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून परत येऊ नका, या अटीवर ती स्थगित. दोघे वॉशिंग्टनला गेले. मिल्ड्रेडला शहर मानवले नाही. १९६३ मध्ये तिने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले, त्यांनी नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या वकिलांकडे बोट दाखवले. बर्नार्ड कोहेन आणि फिलिप हर्शकॉप हे दोन तरुण वकील मिळाले. दोघांनाही अनुभव बेताचा.

व्हर्जिनियाच्या न्यायाधीश लिऑन बेझिल यांनी १९६५ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळताना लिहिले की सर्वशक्तिमान देवाने गोरे, काळे, पिवळे, मलाय आणि लाल असे वंश निर्माण करून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्या अर्थी त्यांनी मिसळावे अशी देवाची इच्छा नव्हती. ही पाच वंशांची यादी देवाची नव्हे, अठराव्या शतकातल्या ब्लुमेनबाख या जर्मन अभ्यासकाची. आणि 'लाल' वंशाच्या खंडावर बसून एका गोऱ्या न्यायाधीशाने हे लिहावे, यावर काय बोलणार?

रिचर्ड मितभाषी. वकिलांनी घटनेची कलमे समजावून सांगितली, तेव्हा त्याने एवढाच निरोप दिला : कोर्टाला सांगा, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे आणि व्हर्जिनियात मी तिच्याबरोबर राहू शकत नाही हे अन्यायाचं आहे. १२ जून १९६७ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी एकमताचा निकाल वाचला. बंदी १४व्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या कलमाच्या, विरोधात. तेव्हा १६ राज्यांत असे कायदे शिल्लक होते, ते सगळे एका दिवसात निष्प्रभ झाले.

कुटुंब सेंट्रल पॉइंटला परतले, रिचर्डने स्वतःच्या हाताने घर बांधले. १९७५ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने त्यांना धडक दिली. रिचर्ड गेला आणि मिल्ड्रेडचा एक डोळा गेला. ती २००८ पर्यंत जगली. इतिहासात तिची नोंद 'काळी' अशी झाली असली तरी लग्नाच्या कागदावर तिचा वंश 'इंडियन' लिहिलेला होता आणि उत्तरायुष्यात ती स्वतःला रॅपाहॅनॉक म्हणत असे. प्लेकरच्या राज्यात कुणी कोण होते, हे सांगणे असे अवघड होऊन बसले होते.

निकालानंतर विषय संपला का?

कायद्याने संपला. पण काही राज्यांच्या घटनेत बंदीचे शब्द तसेच पडून होते. ते काढायला साउथ कॅरोलायनाने १९९८ मध्ये आणि अलाबामाने २००० मध्ये सार्वमत घेतले. अलाबामात सुमारे ४० टक्के मतदारांनी ते शब्द राहू द्यावेत असे मत दिले. ज्या शब्दांना तेहेतीस वर्षे काडीचा अर्थ उरला नव्हता, त्यांच्यासाठी. २००९ मध्ये लुइझियानातल्या एका जस्टिस ऑफ द पीसने (लग्ने लावण्याचा अधिकार असलेला स्थानिक दंडाधिकारी) मिश्र जोडप्याला लायसन्स द्यायला नकार दिला. बोभाटा झाल्यावर त्याने राजीनामा दिला.

लोकांचे मत मात्र खूप बदलले. गॅलपच्या पाहणीत १९५८ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला मान्यता देणारे ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४ टक्के. कोर्टाने १९६७ मध्ये बहुमताच्या मागे न जाता पुढे जाऊन निकाल दिला, हे या आकड्यांवरून दिसते. समलिंगी विवाहांना मान्यता देणाऱ्या २०१५ च्या निकालातही लव्हिंग खटल्याचा आधार घेतला आहे. २०२२ मध्ये संसदेने विवाहांना संरक्षण देणारा कायदा केला, त्यात वंशाचाही उल्लेख घातला.

जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेत असेच कायदे होते ना?

होते. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि 'जर्मन रक्ताच्या' नागरिकांचे लग्न गुन्हा ठरवले. त्याआधी जून १९३४ मध्ये नाझी कायदेपंडितांच्या बैठकीत अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे तपशिलाने चर्चिले गेले. एका थेंबाने माणूस काळा ठरवणारा अमेरिकन नियम त्यांच्यातल्या काहींनाही अतिरेकी वाटला.

दक्षिण आफ्रिकेने १९४९ मध्ये मिश्रविवाह प्रतिबंधक कायदा केला, तो १९८५ पर्यंत चालला. लग्नाबाहेरचे संबंध वेगळ्या कायद्याने गुन्हा होते, आणि पुराव्यासाठी पोलीस चादरी तपासत. शेजारच्या बेचुआनालँडचा राजपुत्र सेरेत्से खामा याने १९४८ मध्ये लंडनला रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केले. दक्षिण आफ्रिका दुखावू नये म्हणून ब्रिटनने त्याला १९५६ पर्यंत त्याच्याच देशाबाहेर ठेवले. १९६६ मध्ये तोच स्वतंत्र बोत्सवानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायमूर्ती सर्ल यांच्या १९१३ च्या निकालाशी या कायद्याची गल्लत होते. त्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली भारतीयांची लग्ने दक्षिण आफ्रिकेत अमान्य ठरवली आणि कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या. तो वंशमिश्रणाचा कायदा नव्हता, पण बायकोला एका निकालाने रखेल करून टाकण्याची तऱ्हा तीच.

भारतात ब्रिटिशांनी किंवा पोर्तुगीजांनी अशी बंदी घातली होती का?

पोर्तुगीजांनी सुरुवातीला उलटेच केले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अफोन्सो द अल्बुकर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी, त्यांना बाप्तिस्मा देऊन, लग्न करायला उत्तेजन दिले. औदार्य म्हणून नव्हे, कायम राहणारी वस्ती हवी म्हणून. ब्रिटिशांनी लग्नबंदीचा कायदा केला नाही. त्यांनी नोकऱ्यांच्या नियमांनी काम भागवले. १७९१ पासून मिश्रवंशीयांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांची दारे बंद झाली.

मराठी मुलुखात गाजलेले उदाहरण इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे. बावला या मुंबईतल्या व्यापाऱ्याच्या खून प्रकरणानंतर त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली होती. सिॲटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी त्यांचे लग्न ठरले. तिला नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते हिंदू धर्मात घेतले, शर्मिष्ठा नाव दिले, धनगर समाजात दत्तक घेतले आणि मार्च १९२८ मध्ये लग्न लागले. वंशाची आडकाठी नव्हती, जात मात्र आधी मिळवून द्यावी लागली.

मग आपल्याकडचे जातीबाहेरचे लग्न आणि हे कायदे यांची तुलना होते का?

एका मर्यादेपर्यंत. आपल्याकडे विधिमंडळाने केलेली बंदी नव्हती, पण कोर्टे धर्मशास्त्र लावत आणि परिणाम तोच होई. मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांचे लग्न प्रतिलोम (स्त्री वरच्या वर्णाची) म्हणून अवैध ठरवले, तर १९२२ मध्ये वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचे अनुलोम (पुरुष वरच्या वर्णाचा) म्हणून वैध. म्हणजे इथेही पहारा वरच्या जातीच्या स्त्रीवर, मेरीलँडसारखाच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नांना कायद्याने मान्यता दिली. देशभर असा अडथळा १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने गेला.

बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अशी बंदी नव्हती, पण निम्म्याहून अधिक अमेरिकेत होती. तिथेच १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ लग्नाच्या बंधनात आहे, असे मांडले. एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. लव्हिंग निकाल येईपर्यंत, म्हणजे पुढची १९ वर्षे, जात ओलांडणारे लग्न भारतात कायदेशीर आणि रंग ओलांडणारे लग्न व्हर्जिनियात गुन्हा, अशी स्थिती जवळपास राहिली.

फरक आहेच. अमेरिकेत शासन अडवत होते, आपल्याकडे आज घरचे अडवतात आणि विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस त्यांना पत्ता पुरवते.

आता अमेरिकेत लग्न करताना वंश सांगावा लागतो का?

व्हर्जिनियात अगदी अलीकडेपर्यंत लागत होता. बंदी गेली तरी अर्जातला वंशाचा रकाना भरल्याशिवाय लायसन्स मिळत नसे. २०१९ मध्ये काही जोडप्यांनी याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. रॉकब्रिज कौंटीच्या कचेरीत वंश निवडण्यासाठी दोनशेहून अधिक पर्यायांची यादी ठेवली होती. त्यात 'आर्यन' होते आणि 'ऑक्टरून', म्हणजे एक-अष्टमांश काळा, हेही होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायद्यातून ती काढून टाकली.